मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, विमान किती तास आणि दारातून दारात किती

मुलगी न्यू जर्सीत, आई-बाबा पुण्यात नाहीतर नाशकात. पहिल्यांदा जायचं ठरलं की घरात प्रश्न निघतो, "किती तास लागतात हो?" आणि उत्तरं सतरा येतात. शेजारचे म्हणतात सोळा. एजंट म्हणतो बावीस. तिकिटाकडे बघावं तर विमान रात्री दोनला निघून त्याच तारखेला सकाळी साडेसातला पोचतंय, म्हणजे जेमतेम साडेपाच तास! यातलं खोटं कुणीच बोलत नाही. शेजारी फक्त हवेतला वेळ सांगतात, एजंट मधला थांबा धरून सांगतो आणि तिकीट दोन गावांची दोन वेगळी घड्याळं दाखवतं.

हा सगळा हिशेब घरबसल्या, कागद-पेन्सिल घेऊन करता येतो. इथे उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं घेतलंय, कारण आपल्याकडून सर्वांत जास्त विचारणा त्याचीच होते. रीत मात्र मुंबई–टोरंटोला चालेल, पुणे–सिडनीलाही चालेल. एक आधीच सांगून ठेवतो: किलोमीटरचा आकडा ऐकायला भारी वाटतो, पण तिकीट निवडताना त्याचा उपयोग सर्वांत कमी. उपयोग तासांचा.

१. शहर नव्हे, विमानतळ ठरवा

न्यूयॉर्कच्या परिसरात तीन मोठे विमानतळ आहेत: क्वीन्समधला जॉन एफ. केनेडी (कोड जेएफके), नदीपलीकडे न्यू जर्सीतला नेवार्क (ईडब्ल्यूआर) आणि लाग्वार्डिया (एलजीए). लाग्वार्डियाला मुख्यतः देशांतर्गत विमानं उतरतात, त्यामुळे भारतातून जाणाऱ्याचा संबंध पहिल्या दोघांशी. हवेतलं अंतर दोन्हीकडे सारखंच म्हणा ना, फरक पडतो तो खाली उतरल्यावर. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या मुलाला नेवार्क अर्ध्या-पाऊण तासावर आहे. केनेडीहून यायचं तर ब्रुकलिन आणि स्टेटन आयलंड ओलांडावं लागतं आणि गर्दीच्या वेळी दोन तासही जातात. मुलगी क्वीन्सला किंवा लाँग आयलंडला असेल तर बरोबर उलटं. तेव्हा "न्यूयॉर्क, सर्व विमानतळ" असा पर्याय दिसला तर शोधायला वापरा, पण पैसे भरण्याआधी तीन अक्षरी कोड वाचा. एका विमानतळावर उतरून पुढचं विमान दुसऱ्यावरून असेल, तर ते तिकीट कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

आपल्याकडेही आता हे लागू झालंय. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. त्याचा कोड एनएमआय. सहारच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा कोड तोच जुना, बीओएम. नागपूरहून येणारं विमान एनएमआयला उतरणार आणि पुढचं बीओएमहून सुटणार असेल, तर मधे सगळ्या बॅगा घेऊन टॅक्सीने मुंबई गाठायची आहे, आणि मुंबईच्या रस्त्यावर ती किती वेळात गाठता येईल ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. गोव्याच्या वाचकांना हे नवं नाही. दाबोळी (जीओआय) आणि मोपा (जीओएक्स) यांचा घोळ ते २०२३ पासून निस्तरताहेत.

२. अंतर मोजा, पण नकाशाला फसू नका

कम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा. मुंबई विमानतळावर माउसचं उजवं बटण दाबून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि मग केनेडी विमानतळावर क्लिक करा. आकडा साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास येईल. कुठे ७,७९० मैल दिसलं तर तेच अंतर साध्या मैलांत आहे. कुठे ६,७७० दिसलं तर ते नॉटिकल मैल, म्हणजे दर्यावर्दी आणि वैमानिक वापरतात ते, एकाचे १.८५२ किलोमीटर. आकडे वेगळे दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. एकक बघा.

आता ती रेषा नीट बघा. ती पश्चिमेला सरळ जात नाही. मुंबईतून निघते तीच उत्तरेकडे, किंचित डावीकडे झुकून. कंदाहारजवळून तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग मॉस्कोच्या अगदी शेजारून, पुढे नॉर्वे ओलांडून आइसलंडच्या दक्षिण भागावरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी आणि शेवटी कॅनडातल्या लॅब्रॅडोरवरून खाली न्यूयॉर्कला. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा उगाच घातलेला वळसा वाटतो. प्रत्यक्षात हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे.

खात्री करायची तर घरातल्या मुलांचा पृथ्वीगोल काढा आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा आपोआप सरकून उत्तरेकडे जाईल. भिंतीवरचा सपाट नकाशा गोल पृथ्वी ताणून बसवलेला असतो आणि ध्रुवांकडचा भाग त्यात सर्वांत जास्त ताणला जातो, म्हणून तिथली जवळची वाट लांबची दिसते. त्याच नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेष मारली तर ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरियावरून अटलांटिकमध्ये उतरते. दिसायला सुटसुटीत, पण लांबी भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. म्हणजे जवळजवळ सतराशे किलोमीटर जास्त, मुंबई–दिल्लीच्या दीडपट.

३. विमान त्या रेषेवरून जातं का?

नाही. किंवा क्वचितच. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग "वेबसाइटवर तर चौदा तास लिहिलं होतं" म्हणून वाद घालतात. अंतर सांगणाऱ्या वेबसाइट अंतराला ठरावीक वेगाने भागून मोकळ्या होतात. त्यांना ना वारा ठाऊक, ना राजकारण.

वरच्या रेषेतले देश पुन्हा वाचा. मुंबईतून निघाल्यावर आधी लागतो पाकिस्तान. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला त्याने हवाई हद्द बंद केली, ती १६ जुलैला पूर्ण खुली झाली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली आणि बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. याचा मोठा फटका दिल्लीला बसला. दिल्लीहून पश्चिमेला निघायचं म्हटलं की पाकिस्तान आडवाच येतो. त्यामुळे दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी थांबावं लागलं. मुंबईच्या विमानाला अरबी समुद्रावरून बाहेर पडायला वाट आहे. वळसा पडतो, पण तुलनेने कमी.

पुढे अफगाणिस्तान. ऑगस्ट २०२१ पासून त्या आकाशात हवाई वाहतूक नियंत्रणाची नेहमीची सेवा राहिली नाही आणि बऱ्याच कंपन्यांनी तो भाग टाळायला सुरुवात केली. त्याच्यापुढे रशिया. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर युरोपीय, ब्रिटिश, अमेरिकी आणि कॅनडाच्या कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, एअर इंडियाला येतं. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये एका कंपनीचं विमान ज्या वाटेने जातं तिथून दुसरीचं जाऊ शकत नाही. अर्थात त्या वाटेलाही जोखीम आहे. जून २०२३ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियातल्या मगदानला उतरवावं लागलं. प्रवाशांना दुसरं विमान येईपर्यंत तिथेच राहावं लागलं.

रशिया सोडून आखातावरून जावं, तर जून २०२५ मध्ये इराण–इस्रायल संघर्षात इराण आणि इराकची हद्द बंद झाली. त्याच महिन्यात २३ तारखेला कतारनेही काही तास आकाश बंद ठेवलं आणि दोहामार्गे जाणाऱ्यांची तारांबळ उडाली.

हे सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. करायचं एवढंच: फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर ही विमानांचा माग दाखवणारी वेबसाइट उघडा, तिकिटावरचा विमान क्रमांक टाका आणि मागच्या आठवडाभराच्या फेऱ्या बघा. विमान कुठून गेलं, किती वाजता सुटलं, किती वाजता टेकलं, सगळं दिसतं. अंतराच्या दहा वेबसाइट चाळण्यापेक्षा या सात ओळी खऱ्या.

४. तासांचा अंदाज

विमान अजून ठरलं नसेल आणि ढोबळ अंदाज हवा असेल, तर एक साधा हिशेब आहे. किलोमीटरला ८५० ने भागा आणि उड्डाण-उतरणीचा अर्धा तास मिळवा. १२,५०० भागिले ८५० म्हणजे पावणेपंधराच्या आसपास, अधिक अर्धा, सव्वापंधरा तास. जाताना, म्हणजे पश्चिमेकडे, यात तास-दीड तास वाढवून धरा. येताना तेवढाच वजा करा.

हा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो असं पुष्कळ सुशिक्षित माणसं छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. कारण आहे जेट स्ट्रीम, म्हणजे साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरकस वारा. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा आणि सगळ्या वाटेवर मिळून वारा सरासरी ६० ने समोरून आला असं समजा. जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८४० आणि साडेबारा हजार किलोमीटरला लागतात जवळजवळ पंधरा तास. तोच वारा परतीला पाठीशी आला की वेग होतो ९६० आणि तेच अंतर तेरा तासांत कापलं जातं. दोन तासांची तफावत इथून येते. म्हणूनच जानेवारीत जाताना सर्वांत जास्त वेळ लागतो.

एकूण काय, मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान जाताना सोळा तासांच्या आसपास आणि येताना चौदाच्या आसपास धरा. हवाई हद्दी बंद असतील तर त्यात भर. केनेडीला एअर इंडियाने मुंबईहून थेट विमान फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू केलं, नेवार्कची सेवा त्याच्याही आधीची. पण अशा लांब पल्ल्याच्या फेऱ्या कंपन्या वरचेवर कमी-जास्त करतात, तेव्हा कोणत्या दिवशी आहे ते बुकिंगच्या वेळीच बघा.

तिकिटावरच्या कालावधीत विमान मुंबईत जागेवरून हलल्यापासून तिकडे गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा वेळही त्यात आला. केनेडीला ही रांग चांगली लांब असते. कंपन्या ते गृहीत धरून थोडा वेळ जास्तीचा लावतात, म्हणून तासभर उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेवर पोचतं.

५. घड्याळाचा हिशेब

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, तेव्हा सावकाश जाऊ.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटायची वेळ मुंबईची, पोचायची न्यूयॉर्कची. दोन्हींतून थेट वजाबाकी करू नका. आधी दोन्ही वेळा भारताच्या करून घ्या.

न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यामागे साडेदहा तास असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. आपण घड्याळाला हात लावत नाही, त्यामुळे फरक आपोआप बदलतो.

उदाहरणादाखल एक तिकीट घेऊ. १५ जानेवारी, मुंबईहून सुटणार ०२:००, न्यूयॉर्कला पोचणार ०७:३०, तारीख तीच. न्यूयॉर्कच्या साडेसातात साडेदहा तास मिळवा, भारतात संध्याकाळचे सहा. रात्री दोन ते संध्याकाळी सहा, सोळा तास. परतीचं तिकीट: १५ फेब्रुवारी, न्यूयॉर्कहून दुपारी १२:३०, मुंबईला १३:०० आणि शेजारी बारीक अक्षरांत "+१", म्हणजे दुसऱ्या दिवशी. साडेबारात साडेदहा मिळवले की १५ तारखेचे रात्रीचे अकरा. तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत चौदा तास.

साडेदहाची बेरीज तोंडी जमत नसेल तर ही युक्ती वापरा. जानेवारीत न्यूयॉर्कच्या वेळेतून दीड तास वजा करा आणि सकाळची संध्याकाळ करा. तिकडे सकाळचे साडेसात, इकडे संध्याकाळचे सहा. उन्हाळ्यात दीडऐवजी अडीच तास वजा करा. उलट्या दिशेने जायचं तर वजा करण्याऐवजी मिळवा. रोज मुलीला फोन लावणाऱ्या आयांना हे शिकवावं लागत नाही.

तारखेचा घोळ मात्र शिकवावा लागतो. अमेरिकेची बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ जानेवारी, ०२:००" असेल तर घरून निघायचं ते १४ तारखेला. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, आपल्या बोलण्यातही रात्री दोनला "चौदाची रात्र" असते, पण विमान कंपनीची तारीख बारा वाजले की बदलते. १५ ला दुपारी सामान भरायला घेतलं तर विमान तेव्हा युरोपच्याही पुढे गेलेलं असेल. म्हणून घरातल्या कॅलेंडरवर १५ च्या चौकटीत काहीही लिहू नका. १४ च्या चौकटीत "आज निघायचं, संध्याकाळी ५" असं ठसठशीत लिहा.

जाता जाता एक गंमत. जानेवारीत रात्री दोनला निघून पश्चिमेकडे गेलात तर जवळजवळ सगळा प्रवास अंधारातच होतो. सूर्य पाठलाग करत असतो आणि न्यूयॉर्कला पोचता पोचता उजाडतं. सोळा तासांची सलग रात्र. झोपेचा कोटा भरून काढायला याहून चांगली संधी नाही, पण बहुतेक जण ती तीन चित्रपटांत घालवतात.

६. थेट की मधे थांबून?

मधे थांबलं की विमान फार लांबून जातं असा समज आहे. आकडे बघा. मुंबई–लंडन सुमारे ७,२१० किलोमीटर, लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, बेरीज १२,७५०. थेट अंतरापेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त! दुबईमार्गे १,९२५ अधिक ११,०००, म्हणजे १२,९०० च्या थोडं वर. हवेत फरक पंधरा-तीस मिनिटांचा. सिंगापूरमार्गे मात्र साडेतीन-चार हजार उलट्या दिशेला आणि मग १५,३०० च्या वर, एकूण एकोणीस हजारांपलीकडे. ते तिकीट सिंगापूर बघायचं असेल तरच घ्या.

मग एजंटचे बावीस तास येतात कुठून? जमिनीवरून. एक जास्तीचं उड्डाण, एक उतरणं आणि मधला थांबा. तुलना करताना साइटवरचा "एकूण वेळ" बघा आणि स्वस्तात स्वस्त तिकीट निवडण्याआधी वाचलेल्या रुपयांना वाढलेल्या तासांनी भागा. तासाला पाचशे रुपये वाचत असतील तर साठी ओलांडलेल्या माणसाला रात्री तीन वाजता परक्या विमानतळावर बसवू नये, असं माझं मत.

थांबा किती असावा? दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर, असतील तर अडीच ते चार तास ठीक. पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर ही जबाबदारी कुणाचीच नाही. शिवाय तशा वेळी मधल्या देशात उतरून बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये.

थेट म्हणून विकल्या जाणाऱ्या तिकिटातही एक खाच आहे. "डायरेक्ट" लिहिलेलं विमान मधे कुठेतरी थांबू शकतं, फक्त विमान क्रमांक बदलत नाही. मधे कुठेही न थांबणारं हवं असेल तर "नॉनस्टॉप" शब्द शोधा.

अबू धाबीचं गणित वेगळं आहे. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच उरकतं. न्यूयॉर्कला उतरलं की देशांतर्गत प्रवाशासारखं सामान घेऊन बाहेर. म्हणून अबू धाबीला थांबा थोडा जास्त ठेवा, तीन तासांपेक्षा कमी नको. याउलट तिकीट शिकागो किंवा वॉशिंग्टनमार्गे न्यूयॉर्कला जात असेल तर इमिग्रेशन त्या पहिल्या अमेरिकन विमानतळावरच होतं. बॅगाही तिथेच पट्ट्यावरून उचलून पुन्हा पुढच्या विमानासाठी द्याव्या लागतात. बॅगेला न्यूयॉर्कचा टॅग लागलेला असला तरीही! तिथे दीड तासाचा थांबा म्हणजे विमान चुकण्याची तयारी.

७. दारातून दारात

आता खरा आकडा काढू. कोथरूडहून एडिसनला, वरचंच जानेवारीचं तिकीट, फक्त उतरायचं नेवार्कला असं धरून.

पहाटे दोनच्या विमानासाठी सहारच्या टर्मिनल दोनवर रात्री दहापर्यंत पोचायला हवं. पुण्याहून चार तास, शिवाय घाटात काही झालं तर अर्धा-एक तास हाताशी, म्हणजे घरून निघायचं संध्याकाळी पाचला. पावसाळा असेल तर चारलाच निघा. विमानाचे सोळा तास धरून भारतातल्या वेळेनुसार दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे सहा वाजतात. इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड तास धरा. कधी अर्ध्या तासात सुटका होते, कधी दोन तासही लागतात, कारण त्याच सुमाराला आणखी चार देशांची विमानं उतरलेली असतात. मग गाडीत बसून घरी पोचायला, गर्दी धरून, तासभर. भारतातले रात्रीचे साडेआठ, तिकडचे सकाळचे दहा.

आदल्या संध्याकाळी पाच ते आज रात्री साडेआठ. साडेसत्तावीस तास. "किती तास लागतात" याचं आई-बाबांना द्यायचं उत्तर हे. सोळा तासांच्या हिशेबाने डबा, औषधं आणि धीर बांधला तर तिन्ही कमी पडतात.

८. तासांवर अवलंबून असलेल्या गोष्टी

रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या "सकाळी एक, रात्री एक" असतात. साडेसत्तावीस तासांच्या प्रवासात सकाळ कुठली आणि रात्र कुठली? इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना प्रवासाचा तक्ता दाखवून डोस कधी घ्यायचे ते लिहूनच घ्यावं. तक्ता करताना एकच घड्याळ वापरा, भारताचं. हातातलं घड्याळ न्यूयॉर्कला उतरेपर्यंत बदलू नका. मोबाइल आपलं आपण बघून घेईल. औषधं अर्थातच हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

एवढा वेळ एका जागी बसून पायांना सूज येते, क्वचित शिरांत गुठळीही होऊ शकते. दर दोन तासांनी उठून मागच्या टोकापर्यंत एक चक्कर मारा, पाणी पीत राहा. उठता यावं म्हणून खिडकीपेक्षा मधल्या वाटेलगतची जागा बरी. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा. त्यात कमीपणा काही नाही आणि मोठ्या विमानतळांवरची दीड-दोन किलोमीटरची चाल वाचते. जैन किंवा मधुमेहींचं जेवण निदान एक दिवस आधी नोंदवावं लागतं. विमानात बसल्यावर मागून मिळत नाही.

तिकडे पोचल्यावर झोप जागेवर यायला आठवडा सहज लागतो. परतीच्या, म्हणजे पूर्वेकडच्या प्रवासानंतर बऱ्याच जणांना जास्त त्रास होतो. पहिल्याच शनिवारी नायगाऱ्याचं बुकिंग करणाऱ्या उत्साही मुलांनी हे वाचून ठेवावं.

घ्यायला येणाऱ्याने कधी निघायचं

पोचायच्या छापील वेळेकडे बघून निघू नका. फ्लाइटरडारवर विमान अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या किनाऱ्याला लागलं की अजून दोन-अडीच तास आहेत असं समजा. नेवार्कला येताय आणि घर पाऊण तासावर आहे, तर विमान धावपट्टीवर टेकल्यानंतर निघालात तरी चालतं. आई-बाबा बाहेर येईपर्यंत तुम्ही पोचलेले असता. टर्मिनलसमोर गाडी उभी करू देत नाहीत, म्हणून विमानतळाच्या सेलफोन लॉटमध्ये थांबा. तिथे पैसे पडत नाहीत, पण गाडीत बसून राहावं लागतं. आई-बाबांच्या फोनमध्ये अमेरिकेचं सिम नसेल तर विमानतळाचं मोफत वायफाय कसं जोडायचं ते भारतात असतानाच दाखवून ठेवा आणि निरोप ठरवून ठेवा: बॅगा हातात आल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल, त्याआधी नको.